लाळेविषयी खरं तेवढंच

बाई,

तुम्ही गेल्याच्या अकराव्या दिवशी प्रसाददादाचा फोन आला. आपल्या ट्रॉयच्या मराठी मंडळाची स्मरणिका तोच काढतो. दर वर्षी तो ती शुद्धलेखनासाठी तुमच्याकडे पाठवायचा आणि लाल होऊन परत आलेली पानं बघून पुढचा महिनाभर तुमच्याशी फक्त मान हलवून बोलायचा. त्याला तुमच्यावर लेख हवा होता. मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "आणि समता, दोन लाइन्स रिसर्चवर टाक ना यार. ड्राय माउथवर क्युअर शोधला त्यांनी, असं काहीतरी. लोकांना तेवढंच समजतं."

मी म्हटलं, बाईंनी क्युअर शोधलेला नाही.

"अगं, त्या गेल्या आता. कोण चेक करणारे?"

पूर्वीची मी असते तर फोनवरच त्याला तासलं असतं. मेलेल्या माणसाला खोट्यानं मोठं करणं म्हणजे त्याचा दुसरा खून, असलं एखादं वाक्य फेकलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ते मोठ्या टायपात छापलंही असतं. या वेळी मी विचार करून कळवते एवढंच म्हणाले. तो विचार करायला मी हे तुम्हालाच लिहायला बसले आहे. कारण तुमच्यासमोर मला खोटं लिहिता येत नाही. मंडळासमोर येतं. ते मी एकदा करून दाखवलेलं आहे.

मी नागपूरहून इथे अमेरिकेत आले तेव्हा माझ्या बॅगेत चार स्वेटर होते आणि बाबांनी छापलेल्या पत्रकांचा एक जाड गठ्ठा. आईबाबांचं आयुष्य पत्रकांत गेलं. विडी कामगारांची पत्रकं, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं, पाणीपट्टीच्या मोर्च्याची पत्रकं. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे माझ्या डोक्यात वाक्य उभं राहतं तेच मुळी मूठ वळून. तुमच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून रुजू झाले त्या दिवशी तुम्ही म्हणालात, इथे सगळे मला नावानं हाक मारतात, पण तुझ्या तोंडून ते ऐकायला मला विचित्र वाटेल, तू आपली मावशी म्हण. मी म्हटलं, कामाच्या ठिकाणी नाती नकोत, नातं आलं की ओव्हरटाइम फुकट होतो. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. मला वाटलं, गेली नोकरी. तुम्ही विचारलंत, मग शाळेत शिकवणारीला काय म्हणायचीस? बाई, मी म्हटलं. "मग बाईच म्हण," तुम्ही म्हणालात, "आणि ओव्हरटाइम लिहून ठेवत जा. मी विसरते." तुम्ही खरंच विसरायचात. मी खरंच लिहून ठेवायची. आपलं बरं चाललं होतं.

मंडळात तुम्हाला पाठीमागे थुंकीवाल्या डॉक्टर म्हणायचे. ते तुम्हाला ठाऊक होतं आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं. बाकीचे डॉक्टर हृदयाचे, मेंदूचे, गुडघ्यांचे. तुम्ही डॉक्टरकी सोडून संशोधनात शिरलात आणि जन्मभर लाळग्रंथीच्या पेशींपाशी बसलात. एकदा हायवेवर बर्फामुळे सगळी वाहतूक अडकली होती, गाडीत हीटरचा वास भरला होता, तेव्हा मी विचारलं होतं की हाच विषय का. तुम्ही म्हणालात, रक्ताला गाणी आहेत, आसवांना गाणी आहेत, घामाला तर तुमच्या चळवळीत गाणीच गाणी आहेत. लाळेच्या वाट्याला फक्त शिवी येते. "आणि संपली की मग माणसाला एक घास गिळता येत नाही."

मी विज्ञान शिकून आले होते तरी ही यंत्रणा मला समजली ती तुमच्या दिवाणखान्यामुळे. तुम्ही म्हणायचात, मज्जातंतूचा निरोप म्हणजे दारावरची बेल. बेल वाजली की घरात हाक जाते, "अगं, पाणी आण." ती हाक म्हणजे कॅल्शियम. पेशीच्या आत एका कोठारात ते साठवलेलं असतं. निरोप आला की ते बाहेर सुटतं, पेशीभर पसरतं, मग क्षारांची दारं उघडतात आणि क्षारांच्या मागोमाग पाणी बाहेर येतं. ते पाणी म्हणजे लाळ. मग ग्रोथ फॅक्टर, पेशींना वाढायला सांगणारं ते प्रथिन, तो कोण? तो बेल वाजवत नाही. तो पाणीही आणत नाही. तो घरात येऊन राहिलेला असला की घर जरा जागं असतं, हाक गेली की ती लवकर ऐकू येते, जोरात ऐकू येते. निदान तसं होतं का, हे आपल्याला बघायचं आहे. मी लगेच विचारलं, पाणी आणायला हाक बाईलाच का? "बरं," तुम्ही म्हणालात, "काका आणतील. पण मग बेल दोनदा वाजवावी लागेल."

हे बघायची पद्धतही तुम्हीच हाताला लावलीत. पेशी ज्या रसावर वाढतात त्यात वासराच्या रक्तातला द्रव, सीरम, घालावा लागतो आणि त्या द्रवात मुळातच ग्रोथ फॅक्टर असतात. तेव्हा आपण घातलेल्या ग्रोथ फॅक्टरचा परिणाम बघायचा तर आधी पेशींना त्या द्रवाशिवाय ठेवावं लागतं, उपाशी. तुम्ही त्याला एकादशी म्हणायचात. "आज दुपारी चारला एकादशी लावायची." मी हरकत घेतली. धर्माचं काही असलं तर ते लॅबबाहेर. तुम्ही हसून म्हणालात, मग तुमच्यातलं उपोषण म्हण. मी म्हटलं, उपोषणाला मागणी लागते. "आहे की. यांना सीरम पाहिजे." त्या दिवसापासून बोर्डावर तुमच्या अक्षरात 'उपोषण, चार वाजता' असं लिहिलेलं असे, आणि लॅबमधल्या अमराठी लोकांना वाटे की ते कुठल्यातरी रसायनाचं नाव आहे.

त्या वासराच्या रक्तावरून आपलं भांडण झालं ते मिटलं नाही. तुम्ही शाकाहारी, मी तत्त्ववादी, आणि फ्रीजमध्ये बाटल्या. मी म्हणायची, निदान पर्यायी रसासाठी अर्ज तरी करू. तुम्ही म्हणायचात, करू. केला नाहीत. हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण तुम्ही देवी नव्हतात आणि तुम्हाला देवी केलेलं खपलंही नसतं. पण तुम्ही मला हेही सांगितलं होतंत की आवडत नाही म्हणून पेपरमधून ती ओळ गाळायची नाही, ती पहिल्या पानावर टाकायची. ते मात्र तुम्ही दर वेळी केलंत.

उपोषणाचा एकच कडक नियम होता. प्रत्येक डिशच्या झाकणावर सुरुवातीची वेळ लिहायची. दिवस लिहून भागायचं नाही, तास आणि मिनिटं पाहिजेत, आणि ती पेननं. मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटायचा.

आता ती गोष्ट. मी ती कुणाला नीट सांगितलेली नाही.

तुम्ही बहिणीच्या ऑपरेशनसाठी सहा आठवडे पुण्याला गेला होतात. त्याच दिवसांत इथल्या एका गाड्यांच्या कारखान्यात संप सुरू होता आणि शनिवारी-रविवारी मी दारावर संपकऱ्यांबरोबर उभी राहायला जायची. त्या शुक्रवारी संध्याकाळी मी निम्म्या डिशेस उपाशी ठेवल्या आणि घाईत निघाले. राहिलेल्या रविवारी येऊन ठेवल्या. सगळ्यांच्या झाकणांवर लिहिलं, 'उपाशी'. वेळ लिहिली नाही. सोमवारी पेशींचं ऊबदार कपाट उघडलं, पुढच्या ओळीतल्या डिशेस घेतल्या आणि त्यांच्यात ग्रोथ फॅक्टर घातला. मागच्या ओळीतल्या तशाच ठेवल्या, तुलनेसाठी. पुढच्या होत्या रविवारच्या. मागच्या होत्या शुक्रवारच्या, तीन दिवसांच्या उपाशी, मरगळलेल्या. मग कॅल्शियम सुटलं की चमकणारं रंगद्रव्य भरून, अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांना बेल वाजवली. मागच्यांच्या कॅल्शियमची रेघ जेमतेम टेकडीएवढी वर आली. पुढच्यांचा स्क्रीनवर डोंगर उभा राहिला. दुप्पट उंच.

बाई, मी त्या खोलीत एकटी नाचले.

तुम्हाला मी आकृती पाठवली. तुमची मेल आली, "छान. पुन्हा कर." तीन शब्द. त्यातला मी पहिलाच वाचला.

आणि मला आठवले वसंतकाका. मंडळात तेच एक मला सरळ भिडायचे. गिअरबॉक्स डिझाइन करत निवृत्त झालेला माणूस, मी भांडवलशाही म्हटलं की ते मला बसायला खुर्ची द्यायचे आणि म्हणायचे, बोल, मी कारखान्याच्या आतून आलोय. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतल्यापासून त्यांच्या लाळग्रंथी जवळजवळ बंद पडल्या होत्या. पॉटलकला, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सगळे पोळीभाजी घ्यायचे, ते वाटीत नुसतं वरण. प्रत्येक वाक्यानंतर पाण्याचा घोट. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते, ती बोटानं सोडवावी लागते, हे त्यांनी मला असं सांगितलं होतं जसं कुणी गाडी थंडीत सुरू होत नाही म्हणून सांगतं.

अशा माणसाला मी आणखी थांबा म्हणू? माझ्या घरात कुणी कधी कुणाला थांबा म्हटलं नव्हतं. मी पत्रक लिहिलं, 'कोरड्या तोंडाला न्याय'. त्यात डोंगर होता, ग्रोथ फॅक्टर होता आणि एक वाक्य होतं, ज्याचा मला फार अभिमान होता: 'थकलेल्या पेशींना गोळ्यांचे चाबूक मारून उपयोग नाही, त्यांना जागं करावं लागतं.' खाली तुमच्या प्रयोगशाळेचं नाव टाकलं. तुम्हाला विचारलं नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमात शाळेच्या कॅफेटेरियात तिळगुळाच्या प्रत्येक पुडीबरोबर एक पत्रक दिलं.

तुम्ही त्याच आठवड्यात परतला होतात. प्रवासानं डोळे सुजलेले, तरी जांभळी साडी नेसून आला होतात. तुमच्या हातात पत्रक पडलं. तुम्ही उभ्या उभ्या ते दोनदा वाचलंत, चार घड्या घालून पर्समध्ये टाकलंत आणि मला म्हणालात, "तिळगूळ घे." एवढंच. मी समजले की तुम्हाला आवडलं. नंतर मला कळलं की चारचौघांत माझा अपमान होऊ नये म्हणून तुम्ही शनिवार दुपार आणि अख्खा रविवार गप्प राहिलात.

सोमवारी तुम्ही वही मागितलीत. फार शोधावंही लागलं नाही. तुम्ही विचारलंत, उपोषण किती वाजता लावलंस? मी म्हटलं, शुक्रवारी. आणि या? रविवारी. तुम्ही पेन खाली ठेवलंत. डोंगर ग्रोथ फॅक्टरचा की कमी उपासाचा, हे आता सांगता येत नव्हतं. मी बोलायला लागले, संपाचं, कारखान्याच्या दाराचं, तिथल्या थंडीचं. तुम्ही मला मधेच थांबवून म्हणालात, संपावर गेलीस ते बरोबरच केलंस, मी इथे असते तर चहाचा थर्मास भरून दिला असता. वेळ न लिहिता गेलीस, तेवढंच चूक. तुम्ही मला रागवायला हवं होतं. माझा सगळा दारूगोळा तयार होता आणि तुम्ही समोरून दारच उघडलंत.

मी म्हटलं, ठीक आहे, वसंतकाकांना फोन करते. तुम्ही कोट घालत होतात. "पत्रक हातात दिलंस ना? मग हे फोनवर नाही."

वसंतकाकांच्या घरी शोभाकाकूंनी दार उघडलं आणि आनंदानं म्हणाल्या, या या, आमच्या आशेची माणसं आली. त्यांच्या फ्रीजवर माझं पत्रक चिकटवलेलं होतं, चार कोपऱ्यांना चार चुंबक. काकांनी त्यातल्या ओळींखाली पट्टी लावून रेघा मारल्या होत्या, ड्रॉइंगवर मारतात तशा. मला बोलायचं होतं, पण आधी काकाच बोलले, पाणी पीत पीत, खुशीत. अर्विंगला राहणाऱ्या आमच्या मुलाला फोटो पाठवलाय. आणि त्या गोळ्या बंद केल्यात.

तुम्ही विचारलंत, कुठल्या गोळ्या?

लाळ सुटायच्या गोळ्या. त्यांनी घाम फार यायचा, पण दिवसातून दोनदा तोंड जरा ओलं व्हायचं. त्या. काकांनी माझ्याकडे बोट केलं. "तूच लिहिलंयस ना, चाबूक मारून उपयोग नाही म्हणून? मला पटलं ते. थकलेल्या मशीनला जास्त लोड देत नाहीत. दोन दिवस झाले बंद करून."

मग तुम्ही कोटही न काढता सोफ्याच्या कडेला बसलात आणि म्हणालात, "वसंतराव, गोळ्या आजपासून परत घ्या, आणि उद्या तुमच्या डॉक्टरांना फोन करून दोन दिवस चुकले ते सांगा. त्या पत्रकातलं सिद्ध झालेलं नाही. चूक माझ्या लॅबमध्ये झाली आहे."

माझी चूक आहे, असं मी म्हणायला तोंड उघडलं आणि तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. तुमचा हात नेहमी गार असायचा. मी गप्प बसले. आजही मला त्या गप्प बसण्याचा राग येतो, माझा आणि तुमचाही.

काकांनी पत्रकातल्या एका रेघेवरून बोट फिरवलं. शोभाकाकू आत गेल्या, त्या चहा करायला गेल्या असं आपण धरून चाललो. मग काकांनी विचारलं, सगळंच चूक की मोजमाप चूक? तुम्ही म्हणालात, मोजमाप चूक, बाकीचं माहीत नाही. त्यांना ते उत्तर चाललं. त्यांनी विचारलं, पुन्हा मोजणार? हो. किती वेळा? निदान तीन. मग त्यांनी स्वतः उठून चुंबक काढले आणि पत्रक माझ्या हातात दिलं, फाडलं नाही. "पुढचं छापायच्या आधी मला दाखव," ते म्हणाले. "इन्स्पेक्शन."

परतताना गाडीत मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, तुम्ही माझी चूक तुमच्या नावावर घेतलीत, हे मोठेपण झालं, न्याय नाही झाला. आमच्या घरी चूक ज्याची त्यानं उभं राहून कबूल करायची असते. तुम्ही म्हणालात, नाव माझ्या लॅबचं होतं. मी म्हटलं, ते मी चोरलं होतं. तुम्ही म्हणालात, लेन बदलतेय, जरा थांब. आणि लेन बदलून झाल्यावर दुसराच विषय काढलात. हे भांडण आपण पुढे पाच-सहा वेळा केलं आणि दर वेळी तुम्हाला कुठे ना कुठे लेन बदलायची होती.

दुसरं पत्रक लिहायला आपल्याला पाच आठवडे लागले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत अपमानाचे आणि, आता कळतंय, सर्वांत लाडाचे आठवडे होते. डबे खाताना तुमच्या गाडीत, कारण लॅबमध्ये खायला बंदी. तुमचा मेतकूट-भात, माझं सँडविच, आणि मधे तो कागद. मी 'क्रांतिकारक' लिहायची, तुम्ही खोडायचात. मी 'लवकरच' लिहायची, तुम्ही विचारायचात, किती वाजता? एकदा मी चिडून म्हटलं, तुम्हाला आशा नावाच्या गोष्टीचंच वावडं आहे, लोक आशेवर जगतात, आकृत्यांवर नाही. तुम्ही हातातला भाताचा घास परत डब्यात ठेवलात. मग म्हणालात की तुमच्या आईला शेवटच्या वर्षी अन्न गिळता यायचं नाही, आणि घरी रोज कुणीतरी नवं औषध सांगून जायचं, आणि आई प्रत्येकावर विश्वास ठेवायची. "आशा मला आवडते गं. ती विकत देणारे आवडत नाहीत. आणि फुकट वाटणारे त्याहून नाही." मी म्हटलं, मी विकली नव्हती. तुम्ही म्हणालात, तेच सांगतेय.

हे बोलणं मला कधी पूर्ण पटलं नाही. आजही पटलेलं नाही. माणसं मोजणी पूर्ण होईपर्यंत थांबू शकत नाहीत, कारण माणसांचीही वेळ झाकणावर लिहिलेली असते. हे वाक्य तुम्ही खोडलं असतंत. ठेवते.

त्या दुसऱ्या पत्रकात मी लिहिलं होतं, 'ही चूक समतानं केली.' तुम्ही ते खोडून 'आमच्या प्रयोगशाळेकडून चूक झाली' असं केलंत. मी परत लिहिलं. तुम्ही परत खोडलंत आणि समासात लिहिलंत, 'हिला पुढे खूप लिहायचं आहे.' पाडव्याच्या कार्यक्रमात आपण दोघी दारात उभ्या राहून ते पत्रक वाटत होतो. पहिलं पत्रक लोकांनी मागून मागून घेतलं होतं. या वेळी बरेच जण ते न वाचता श्रीखंडाच्या वाटीखाली ठेवत होते. वसंतकाकांनी एक घेतलं आणि तिथल्या तिथे, सगळं, पाणी पीत वाचलं.

पुढे तुम्ही आजारी पडलात. त्याबद्दल मी लिहिणार नाही. ते बाकीचे लिहितील. मला सांगायचंय ते एवढंच की दवाखान्यातून तुमचा फोन यायचा तो तब्येतीचा नसायचा. वेळ लिहिलीस? सगळ्या डिशेस एकाच तासाला? आकृती बघताना कुठली आकृती कुठल्या डिशची हे झाकून ठेवलं होतंस? पहिल्या मोजणीत ग्रोथ फॅक्टर दिलेल्या पेशींचा डोंगर थोडा उंच आला. दुप्पट नाही, थोडा. दुसऱ्या वेळीही थोडा. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा फोनवर तुमचा श्वास ऐकू आला आणि मग तुम्ही म्हणालात, "बरं वाटलं." तुम्ही तब्येतीबद्दल बोलताय असं मला वाटलं. मग कळलं की नाही.

तिसऱ्या मोजणीसाठी मी सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी डिशेस उपाशी ठेवल्या. मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात. मी बातमी घेऊन कुठे जावं ते मला सुचेना, म्हणून लॅबमध्ये गेले. कुणीतरी म्हणालं, तू घरी जा. पण डिशेस कपाटात होत्या आणि त्यांची वेळ भरत आली होती. मी बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी ग्रोथ फॅक्टर घातला, नेमून दिलेला वेळ थांबले, रंगद्रव्य भरलं, अंधाऱ्या खोलीत बसले. कुठली डिश कुठली हे झाकून ठेवलं होतं. मग चिठ्ठ्या काढून बघितलं.

काही फरक नव्हता. दोन्ही डोंगर सारखे.

बाई, मी तेव्हा रडले. बातमी ऐकून नव्हते रडले. मला फार वाटत होतं की निदान त्या एका दिवशी तरी तो डोंगर उंच यावा. मग मी काय केलं ते तुम्हाला सांगते: मी दोन तास चूक शोधली. वही तपासली, वेळा तपासल्या, बाटल्यांवरच्या तारखा बघितल्या. एखादी चूक सापडली असती तर ती मोजणी बाद करता आली असती आणि तुमच्या नावावर दोन चांगल्या मोजण्या राहिल्या असत्या. सापडली नाही. तुम्ही शिकवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा संपूर्ण बिनचूक केलं होतं.

तुमच्या अंत्यदर्शनाला वसंतकाका बोलायला उभे राहिले. बाटली हातात घेऊनच. दोन मिनिटांचं बोलणं पाच मिनिटं चाललं, दर वाक्याला एक घोट. ते म्हणाले, मी जन्मभर गिअरबॉक्स केले, चुकीचं माप गेलं तर लोक ईमेल टाकतात, कोट घालून घरी येऊन सांगणारी इंजिनियर मी एकच पाहिली आणि ती इंजिनियर नव्हती. लोक हसले. मग ते खाली बसले आणि शोभाकाकूंनी बाटलीचं झाकण लावलं. गोळ्या ते घेतात. घाम येतो. तोंड दिवसातून दोनदा ओलं होतं.

मी कधी तुम्हाला थँक्यू म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणी उपकाराची भाषा नको, असं माझं तत्त्व. तुम्हालाही ते पटल्यासारखं तुम्ही वागायचात. पण तुम्ही माझ्या व्हिसाच्या कागदांसाठी तीनदा रांगेत उभ्या राहिलात, माझ्या आईला महिन्यातून एकदा फोन करून 'पोरगी जेवते' असं खोटं सांगायचात (एवढं एकच खोटं मी तुमच्या तोंडून ऐकलं), आणि माझी वाक्यं खोडताना पेन कधी जोरात दाबलं नाहीत. याला काय म्हणायचं ते माझ्या तत्त्वांत कुठे लिहिलेलं नाही. मला तुम्ही फार आवडायचात, बाई. हे तुम्ही असताना म्हणायला हवं होतं.

प्रसाददादाला मी आज संशोधनाबद्दलचा मजकूर पाठवला. त्याचा लगेच फोन आला. म्हणाला, अगं, हे फार छोटं दिसतं, एवढ्या वर्षांचं काम आणि शेवटी 'माहीत नाही'? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, छापणार असशील तर असंच छाप, नाहीतर पान कोरं ठेव. तो कुरकुरला. मग त्यानं मजकूर मोठ्यानं वाचला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बदलला, असं मला वाटलं. कदाचित फोनची रेंज असेल. छापतो म्हणाला.

मजकूर असा आहे. 'ग्रोथ फॅक्टर दिला तर लाळग्रंथीच्या पेशींमधली कॅल्शियमची हाक मोठी होते का, हे बाई तपासत होत्या. तीनदा मोजलं. दोनदा थोडा फरक दिसला, तिसऱ्यांदा दिसला नाही. काचेच्या डिशमधल्या पेशींत जे दिसतं ते माणसाच्या तोंडात होईल का, हे अजून माहीत नाही. मोजणी चालू आहे. ज्यांना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत त्यांनी त्या घ्याव्यात. संक्रांतीला वाटलेल्या पत्रकात याहून मोठं जे लिहिलं होतं ते खोटं होतं, आणि ती चूक बाईंची नव्हती, त्यांच्या प्रयोगशाळेची नव्हती, माझी होती. समता.'

हे शेवटचं वाक्य खोडायला तुम्ही आता नाही. तुमच्याशी केलेलं एवढं एकच भांडण मी जिंकले आहे, आणि मला ते असं जिंकायचं नव्हतं.